आर्कियावर काम सुरू करताना: अहवालातले शून्य कसे वाचावे

आतड्यातील आर्कियावर, म्हणजे जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गटातील एकपेशीय सूक्ष्मजीवांवर, संशोधन करू इच्छिणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, सिक्वेन्सिंगच्या (डीएनएचा क्रम वाचण्याच्या) अहवालात आर्कियाच्या रकान्यात शून्य दिसले तर त्यालाच निष्कर्ष समजू नका. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी हा गट जीवाणूंपासून वेगळा काढला, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण तो वेगळेपणा प्रयोगशाळेत पदोपदी किती नडतो, हे सहसा कोणी शिकवत नाही. माझ्या पीएचडीचा मोठा काळ या शून्याच्या मागे गेला, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

मानवी आतड्यातील आर्कियांमध्ये सर्वाधिक आढळतो तो मेथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी. त्याच्या पेशीभित्तिकेत जीवाणूंच्या भित्तिकेतले पेप्टिडोग्लायकन नसून स्यूडोम्युरिन असते आणि लायसोझाइम हे भित्तिका फोडणारे विकर जो बंध तोडते तो स्यूडोम्युरिनमध्ये नसतोच. साहजिकच, केवळ लायसोझाइमवर भिस्त ठेवून डीएनए काढला, तर जीवाणूंच्या पेशी फुटतात आणि या पेशी बऱ्याच अंशी तशाच राहतात. म्हणून बारीक मण्यांसह नमुना जोरात घुसळण्याची पायरी वेळ वाचवण्यासाठी कधीही गाळू नये. डीएनए हाती आला तरी प्रायमरचा (जनुकाच्या प्रती काढण्यासाठी वापरायच्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांचा) प्रश्न उरतोच, कारण रूढ जोड्यांपैकी अनेक जोड्या जीवाणूंच्या जनुकक्रमांवरून बेतलेल्या असून आर्कियाच्या क्रमाशी त्या नीट जुळत नाहीत. शिवाय सूक्ष्मजीव ओळखण्यासाठी वाचल्या जाणाऱ्या १६एस जनुकाच्या ई. कोलायमध्ये सात प्रती असतात, तर स्मिथीमध्ये दोनच. त्यामुळे पेशी समसमान असल्या तरी रीड्स (वाचले गेलेले डीएनएचे तुकडे) कमीच दिसतात. ‘सगळे वापरतात तेच किट घ्या’ हा सल्ला मला म्हणूनच घातक वाटतो, मग तो कितीही ज्येष्ठ मार्गदर्शकाने दिलेला असो. नमुन्याच्या एका भागात स्मिथीच्या मोजलेल्या पेशी मिसळा, तो भाग सर्व पायऱ्यांतून न्या, आणि त्या पेशी शेवटी दिसल्या नाहीत तर उरलेले नमुने पुढे पाठवू नका. मिथेनजनकांसाठी, म्हणजे स्मिथीसारख्या मिथेन बनवणाऱ्या आर्कियांसाठी, एमसीआरए या मिथेननिर्मितीच्या जनुकाची वेगळी पीसीआरही (जनुकाच्या प्रती वाढवून तो शोधण्याची चाचणी) करावी.

संख्या कमी म्हणून कामही किरकोळ, असे मात्र नाही. चार रेणू हायड्रोजन आणि एक रेणू कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन बनवताना हे सूक्ष्मजीव आतड्यातला हायड्रोजन सतत उपसत राहतात आणि त्यामुळे शेजारच्या जीवाणूंचे किण्वन सुरळीत चालते. श्वासातील मिथेन आणि बद्धकोष्ठता यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, पण संबंध म्हणजे कारण नव्हे. रोगकारक म्हणून निर्विवादपणे सिद्ध झालेला एकही आर्किया आजवर नाही, तेव्हा प्रबंधात मोठे दावे करण्याची घाई नको.

कल्चरला, म्हणजे हे सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वाढवण्याला, घाबरू नका. वाढ संथ असते, ऑक्सिजनचा अंशही चालत नाही, आणि माध्यमातले रेझाझुरिन हे ऑक्सिजन शिरल्याचे दाखवणारे रंगद्रव्य गुलाबी झाले की ती नळी बाजूला काढावी लागते. हाताला वळण लागेपर्यंत हे प्रत्येकाच्या बाबतीत घडते. मात्र ४२० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली एफ४२० या सहविकरामुळे (विकराला साहाय्य करणाऱ्या रेणूमुळे) निळसर-हिरव्या चमकणाऱ्या पेशी दिसल्या, की त्या नमुन्यातील शून्याचा प्रश्न तिथेच मिटतो. प्रयोगशाळा निवडताना तिथल्या शोधनिबंधांची यादी पाहण्यापूर्वी, मिथेनजनक स्वतःच्या हाताने वाढवलेले कोणी तिथे आजही काम करते का, एवढे जरूर विचारा.