जुन्या कॉम्प्युटरवर जिओजेब्रा टाकताना

जिओजेब्रा म्हणजे भूमितीच्या आकृत्या काढून, हलवून बघायचं गणिताचं सॉफ्टवेअर. त्याच्या डाउनलोडचं बटण दाबण्याआधी 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. 'सिस्टिम टाइप'समोर ३२-बिट लिहिलंय की ६४-बिट, ते बघा. ३२-बिट विंडोजवर ६४-बिटचं सॉफ्टवेअर चालतच नाही. उलटं मात्र सहसा चालतं. जिओजेब्राचं 'क्लासिक ६' दिसायला छान, पण जुन्या मशीनला जड जातं. मी तरी 'क्लासिक ५'च घेतो. त्रिकोणाचा शिरोबिंदू माउसने ओढला की कोनांची मापं लगेच बदलतात, आणि तेही इंटरनेटशिवाय. फाइल अधिकृत साइटवरूनच घ्या. भलत्याच साइटवरची ती मोठ्ठी हिरवी बटणं बहुतेकदा जाहिरातीच असतात, आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट' करता करता नको तो टूलबार गळ्यात पडतो.