नवीन आलात ना? मग आधी दर महिन्याचे बांधील खर्च बघा

परदेशात नवीन आलेल्या माणसाचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात, इथे महिन्याला किती लागतात आणि स्वस्त कुठे मिळतं. विचारा, त्यात वावगं काही नाही, पण मी म्हणेन तिसरा प्रश्न त्याच्याही आधी विचारा. उद्या पगार थांबला तर कुठला खर्च त्याच दिवशी बंद करता येईल आणि कुठला नाही? कारण भाजी महाग वाटली तर पुढच्या आठवड्यात कमी आणता येते, बाहेरचं खाणं आजपासून बंद म्हटलं की बंद, पण घरभाडं, फोनचं काँट्रॅक्ट, गाडीचा हप्ता, कार्डाचं व्याज ह्यांना तुमची नोकरी गेलीय हे कळत नाही, ते ठरल्या तारखेला हजर. आणि हे सगळे बांधील खर्च आपण अंगावर घेतो कधी, तर आल्या आल्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत, म्हणजे नेमकं तेव्हा जेव्हा ह्या देशातलं आपल्याला काहीच कळत नसतं.

म्हणून माझं एकच सांगणं, सुरुवातीला लांब मुदतीच्या कागदावर शक्यतो सही करू नका. पहिलं घर तात्पुरतं, शेअरिंगमधलं, जरा अडचणीचं असलं तरी चालेल. भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा असा ढोबळ नियम सांगतात, मोठ्या शहरात तो पाळणं अवघड आहे हे मान्य, पण घर बघताना नुसतं भाडं बघू नका, भाडं अधिक हीटिंग अधिक पाणी-कचरा अधिक ऑफिसला जायचा पास अशी पूर्ण बेरीज करा. लांबचं घर स्वस्त दिसतं, मग तिथे राहायला गेल्यावर कळतं की बस तासाला एक आहे, मग गाडी, गाडी आली की इन्शुरन्स, पार्किंग, टॅक्स, सर्व्हिसिंग, टायर, आणि भाड्यात वाचलेलं सगळं गाडी गिळते. डिपॉझिटचंही आत्ताच सांगून ठेवते, घरात सामान टाकायच्या आधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या डागांचे, नळांचे, मीटरच्या रीडिंगचे फोटो काढा आणि त्याच दिवशी घरमालकाला ईमेल करा. नुसते फोनमध्ये ठेवून उपयोग नाही, मेलवर तारीख राहते आणि समोरच्याला ते मिळालेत हेही राहतं, घर सोडताना "हा डाग तुम्हीच पाडला" सुरू झालं की हेच कामाला येतं.

फोनचं तर विचारूच नका. नवीन हँडसेट "फुकट" आणि महिन्याला अमुक इतकेच, हे ऐकलं की तो महिन्याचा आकडा गुणिले काँट्रॅक्टचे महिने, बहुधा २४, करा आणि मग बघा फुकट किती पडला ते. बरोबर आणलेला फोन चालतोय ना, मग प्रीपेड सिम घाला आणि गप्प बसा. जिम, स्ट्रीमिंग, कसले कसले अ‍ॅप, पहिला महिना फ्री असलेलं काहीही घेतलंत तर घेतल्या दिवशीच कॅन्सल करून टाका, बहुतेक ठिकाणी महिना संपेपर्यंत ते तसंही चालू राहतं. आणि ज्या काँट्रॅक्टवर सही करणं टळतच नाही त्याची नोटीस कधी द्यायची ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये लगेच टाका, कारण बरीच काँट्रॅक्टं आपोआप रिन्यू होतात आणि कंपनी तुम्हाला आठवण करून द्यायला बसलेली नसते.

आता ती गुणाकाराची सवय. दुकानात प्रत्येक किंमत मनातल्या मनात आपल्याकडच्या पैशात करून बघायची, सगळेच करतात. पण ती दोन्हीकडून फसवते. एकीकडे साध्या भाजीचा गुणाकार करून माणूस घाबरतो आणि नीट जेवतच नाही, महिनाभर ब्रेडवर काढतो आणि मग आजारी पडतो, आणि दुसरीकडे पगाराचा गुणाकार करून त्याला आपण श्रीमंत झालोय असं वाटायला लागतं आणि गाडी बुक होते. त्यापेक्षा सोपं माप सांगते, टॅक्स वगैरे कापून हातात येणाऱ्या पगाराला महिन्यातल्या कामाच्या तासांनी भागा. तासाला किती सुटतात ते एकदा कळलं की समोरची वस्तू किती तासांची आहे हे लगेच दिसतं.

वीज आणि हीटिंग ह्यावर जरा जास्त लिहिते, कारण थंड देशात नवीन आलेल्यांना पहिल्या हिवाळ्यानंतरचं बिल बघून घाम फुटतो. लोक दिवे बंद करत फिरतात. करा, सवय चांगलीच आहे, पण हिशोब बघा. एक युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण एक तास. ९ वॅटचा एलईडी बल्ब रोज ५ तास लावला तर महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. आणि २००० वॅटचा तो छोटा पंखेवाला हीटर एका संध्याकाळी ५ तास चालवला तर १० युनिटं, एका संध्याकाळी! म्हणजे जिथे काहीतरी गरम होतं तिथे पैसे जातात, जिथे नुसता उजेड पडतो किंवा आवाज येतो तिथे फारसे नाही. अंघोळीचं पण तसंच. मिनिटाला १० लिटरचा शॉवर १० मिनिटं चालला की १०० लिटर पाणी झालं, ते २५ डिग्रीने तापवायला साधारण ३ युनिटं लागतात, घरात चौघं असतील तर रोज १२. शॉवर ५ मिनिटांवर आणलात तर जे वाचेल तेवढं वर्षभर दिवे बंद करून वाचणार नाही. वॉशिंग मशिनमध्येही वीज मुख्यतः पाणी तापवायलाच जाते, रोजचे कपडे ३० डिग्रीत स्वच्छ निघतात, ६० डिग्री आजारपणातल्या चादरी-टॉवेलांसाठी ठेवा. खोलीचं तापमान एक डिग्रीने कमी ठेवलं की हीटिंगचा खर्च साधारण ५ ते १० टक्के उतरतो, घरात स्वेटर घालायची लाज कसली. मात्र काटकसर म्हणून हीटिंग पूर्ण बंद, खिडक्या गच्च बंद आणि कपडे खोलीतच वाळत, असं करू नका. ओल धरते, भिंतीला काळी बुरशी येते आणि ती साफ करायचा खर्च डिपॉझिटमधून कापला जातो. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या आणि परत बंद करायच्या. दिवसभर किलकिली ठेवलेली खिडकी हा सगळ्यात वाईट प्रकार, उष्णता सगळी जाते आणि भिंती गार पडतात.

आणि हो, काही ठिकाणी हीटिंगचे पैसे दर महिन्याला अंदाजाने घेतात आणि वर्षाच्या शेवटी खरा हिशोब होतो. महिन्याचा आकडा कमी ठेवलाय म्हणून खूश होऊ नका, वर्षअखेरीला एकदम फरक भरायला लागतो. मीटरचं रीडिंग महिन्यातून एकदा लिहून ठेवत जा.

स्वयंपाकघर. अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये दाखवून दिलं होतं की घराचं उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला मोठा हिस्सा खाण्यावर जातो. हे सांगायचं कारण, वाईट काळात किराण्याचं बिल डोळ्यावर यायला लागलं तर त्याचा अर्थ तुम्ही उधळे आहात असा नाही, बाकीचं कमी झालंय म्हणून ते मोठं दिसतंय. तरी इथे हात आखडता येतो आणि तो रोज थोडा थोडा येतो हा फायदा. पाकिटावरच्या मोठ्या आकड्याकडे बघायचं नाही, शेल्फवरच्या लेबलवर बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव असतो तो बघायचा, बऱ्याच देशांत तो छापणं कायद्याने बंधनकारक आहे. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त असतंच असं नाही, आणि हल्ली तर किंमत तीच ठेवून आतलं वजन हळूच कमी करायची पद्धत आलीय. दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा माल बिनधास्त घ्या, महागातल्या वस्तू डोळ्यांच्या उंचीवर ठेवतात आणि हा माल खालच्या फळीत, तेवढं वाकायला लागतं.

आपल्याकडच्या भाज्या इथे विमानातून येतात आणि त्याचे पैसे आपणच देतो. महिन्यातून एकदा जिभेचे लाड म्हणून ठीक आहे, रोजच्याला मात्र इथे ह्या मोसमात जे पिकतं ते घ्या आणि फोडणी आपली द्या. सुकं धान्य-कडधान्य, मसाले ह्या टिकाऊ गोष्टी लांबच्या दुकानातून एकदम आणायच्या, शक्य असेल तर दोन-तीन घरांनी मिळून, म्हणजे जायचा-यायचा खर्च वाटला जातो. पाकिटावरच्या तारखांचे दोन प्रकार असतात हे लक्षात ठेवा, एक तारीख चव आणि दर्जाची, ती उलटली तरी वास-रंग बघून बरंच काही खाता येतं, दुसरी सुरक्षिततेची, मांस-मासे वगैरेवर असते, ती उलटली की टाकून द्यायचं, तिथे काटकसर नाही. त्या तारखेच्या आदल्या दिवशी दुकानं भाव पाडतात, तेव्हा आणून लगेच फ्रीझरमध्ये टाका. फ्रीझर उणे १८ वर, फ्रिज ४ डिग्रीच्या आसपास. एकदाच जास्त करून डब्यांत गोठवून ठेवणं हे नोकरी करणाऱ्या एकट्या माणसासाठी फारच सोयीचं, कारण बाहेरून मागवणं होतं ते भुकेने कमी आणि कंटाळ्यानेच जास्त.

सेकंडहँडची लाज सोडा. टेबल, कपाट, सायकल, लहान मुलांचे कपडे, सगळं वापरलेलं घ्या, लोक घर बदलताना तर फुकटही देतात. फक्त गादी, हेल्मेट आणि मुलांची कारसीट नवीन घ्या, गादीत ढेकूण असू शकतात आणि हेल्मेट-सीट आधी कुठल्या अपघातात सापडलेत का ते बघून कळत नाही. सोफा घेतलात तर शिवणीत काळे ठिपके आहेत का ते टॉर्च लावून बघा.

आता पैशाचे पैसे. क्रेडिट कार्डावर वर्षाला २४ टक्के व्याज म्हणजे महिन्याला २ टक्के, ऐकायला किती कमी वाटतं. कर्ज किती वर्षांत दुप्पट होतं ते काढायचा ढोबळ नियम म्हणजे ७२ ला व्याजाच्या टक्क्यांनी भागायचं. ७२ ला २४ ने भागा, तीन येतात, म्हणजे काहीच न भरता तसंच राहिलं तर साधारण तीन वर्षांत कर्ज दुप्पट. "मिनिमम ड्यू", म्हणजे बिलावरची कमीत कमी रक्कम, तेवढीच भरत राहिलं तर दुप्पट नाही होणार, पण संपायला कित्येक वर्षं लागतील. किराण्यात वाचवलेलं सगळं इथे जातं, त्यामुळे कार्डावर बाकी असेल तर ती फेडणं हीच पहिली बचत, बाकीच्या स्कीमा नंतर.

घरी पैसे पाठवताना "झिरो फी" वाचलं की विनिमयाचा दर बघा, फी नाही म्हणतात आणि दरात दोन-तीन टक्के काढून घेतात. त्या दिवसाचा बाजारातला मधला दर (खरेदी आणि विक्रीच्या दरांच्या मधला) इंटरनेटवर बघायचा आणि समोरच्याच्या दराशी ताडून बघायचं, शंभर टाकले तर पलीकडे नक्की किती पडतील एवढाच प्रश्न विचारायचा. वर्ल्ड बँक ह्याची आकडेवारी ठेवते, २०० डॉलर पाठवायला जगभरात सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास खर्च येतो, आणि २०३० पर्यंत तो ३ टक्क्यांच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. म्हणजे चौकशी न करता पाठवणारा माणूस सहज दुप्पट भरतो. आपल्याकडचं कार्ड इथल्या मशिनमध्ये घातलं आणि त्याने विचारलं की तुमच्या चलनात कापू का, तर नाही म्हणा, इथल्याच चलनात कापा, कारण तुमच्या चलनात कापताना मशिन लावतं तो दर जवळजवळ नेहमीच वाईट असतो. आणि घरी किती पाठवायचे ते ठोक रकमेत कबूल करू नका, पगाराचा अमुक हिस्सा असं सांगा. ठोक रक्कम हाही एक हप्ताच होतो, आणि पगार कमी झाल्यावर आई-वडिलांना ते सांगणं बँकेला सांगण्यापेक्षा जड जातं.

नोकरी खरंच गेली किंवा तास कमी झाले तर? आधी तीन महिन्यांचे बांधील खर्च बाजूला असावेत, हे साठवताना कंटाळा येतो पण तोच पैसा तेव्हा वेळ विकत घेऊन देतो. पैसे देण्याचा क्रम ठरवा, डोक्यावरचं छप्पर, वीज-हीटिंग, जेवण, आरोग्य विमा आणि व्हिसाचे पैसे आधी, बाकी सगळे रांगेत. विमा बंद करून पैसे वाचवायचा विचार मनात येईल, नका करू, परदेशातलं हॉस्पिटलचं एक बिल सगळं धुऊन नेतं. आणि हप्ता चुकायच्या आधी फोन करा, घरमालकाला, वीज कंपनीला, बँकेला. आधी फोन करणाऱ्याला बऱ्याचदा मुदत मिळते, तारीख उलटल्यावर नोटीस येते आणि वर दंड. आपली माणसं इथे मार खातात, चार लोकांत कळेल म्हणून गप्प बसतात. फूड बँकेत जायलाही असंच होतं, तिथे जाऊन धान्य आणण्यात काही कमीपणा नाही. सरकारी मदत मात्र अर्ज करायच्या आधी तपासा, काही देशांत काही व्हिसांवर ती घेता येत नाही किंवा पुढे कायमच्या परवान्याच्या वेळी आड येते. हे ओळखीच्यांना विचारू नका, मोफत कायदेशीर सल्ला देणारी केंद्रं असतात तिथे विचारा, ओळखीचे आपापल्या व्हिसाचा अनुभव सांगतात.

शेवटचं, टॅक्स रिटर्न. वर्षाच्या मधे आलात तर बऱ्याच देशांत पगारातून टॅक्स असा कापला जातो जणू तुम्ही वर्षभर तेवढंच कमावताय, प्रत्यक्षात पगार पाच-सहा महिन्यांचाच असतो, त्यामुळे रिटर्न भरलं की बरेचदा पैसे परत येतात. भरणं बंधनकारक नसलं तरी भरा. स्थलांतराचा खर्च, कामासाठी घेतलेल्या वस्तू, कोर्सची फी ह्यातलं काय वजा करता येतं ते देशागणिक वेगळं, म्हणून आल्या दिवसापासूनच्या पावत्या एका पाकिटात टाकत जा आणि फोटोही काढून ठेवा, पावत्यांच्या थर्मल कागदावर शाई नसते, उष्णतेने उमटलेली अक्षरं असतात आणि ती काही काळाने पुसट होतात.