पीजीची ब्रँच ठरवताना: आधी घर तपासा, मग वॉर्ड

एमबीबीएसनंतर पीजीला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला, कोणती ब्रँच घ्यायची हे बहुतेक जण इंटर्नशिपच्या धबडग्यात ठरवतात, आणि निर्णय निव्वळ आपला होता असं समजतात. तसं क्वचितच असतं. म्हणून सुरुवात घरापासून करा.

कागदावर लिहा: घरात डॉक्टर कोण, कर्ज किती, लहानपण कुठे गेलं. आईवडिलांचं हॉस्पिटल असेल तर सर्जरी किंवा गायनॅकची खुर्ची तयारच असते. ओढ कामाची आहे की खुर्चीची, हे वेगळं काढा. घरातले पहिलेच डॉक्टर असाल तर अडचण उलटी: बऱ्याच ब्रँचमधला माणूस तुम्ही जवळून पाहिलेलाच नसतो. लहानपणाचा प्रश्नही उगाच नाही. खेड्यात वाढलेले डॉक्टर पुढे तिथे काम करण्याची शक्यता जास्त असते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये प्रवेशाची धोरणं अशा विद्यार्थ्यांना सामावून घेणारी असावीत अशी शिफारस केली.

मग डोक्यात असलेल्या प्रत्येक ब्रँचचा एक साधा, कंटाळवाणा दिवस बघा. गाजलेली केस नको. कधीच विचार न केलेली एक ब्रँचही त्यात घाला. उदाहरणार्थ पॅथॉलॉजी, म्हणजे लॅबमध्ये नमुने तपासून निदान करण्याची ब्रँच. फ्रोझन सेक्शनच्या (ऑपरेशन चालू असतानाच्या तातडीच्या तपासणीच्या) वेळी पेशंट टेबलावर असतो, सर्जन थांबलेले असतात. गाठीचा तुकडा लॅबमध्ये येतो, गोठवून त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढतात, रंगवतात, आणि साधारण 20 मिनिटांत ऑपरेशन थिएटरमध्ये कळवायचं असतं: कॅन्सर आहे की नाही. ‘पेशंट नसलेली ब्रँच’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे एकदा बघावंच. अर्थात बाकीचा दिवस स्लाइडच्या ट्रेसमोर जातो, आणि तो आवडतो का हे बघायला तर तुम्ही गेलेले असता.

रेसिडेंटला, म्हणजे सध्या पीजी करणाऱ्या डॉक्टरला, ‘ब्रँच कशी आहे?’ असं विचारू नका. नाइट ड्युटीनंतर विचारलंत तर शिव्या ऐकाल, सुट्टीच्या आदल्या दिवशी कौतुक. त्यापेक्षा ‘काल दिवसभर काय केलं?’ विचारा. तोच प्रश्न दहाएक वर्षं प्रॅक्टिस केलेल्या कन्सल्टंटला विचारा. उत्तरांत केवढा फरक पडतो ते दिसेल. एक धोका मात्र आहे: युनिटचे सर चांगले भेटले की ब्रँचच आवडल्यासारखी वाटते. दुसऱ्या युनिटमध्ये दोन दिवस काढून खात्री करा.

वर्षांचा हिशेबही मांडा. अमेरिकेत फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी 3 वर्षांची, जनरल सर्जरीची 5, न्यूरोसर्जरीची 7. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील, पण कर्जाचा कागद शेजारी ठेवूनच ते वाचा.

शेवटी पसंतीक्रम. प्रवेश परीक्षेतली रँक कुठे नेईल सांगता येत नाही, म्हणून ब्रँचच्या नावापुढे आवडण्याचं कारण लिहा. ‘ऑर्थो (हाडांची ब्रँच), कारण हाताने काम करायला आवडतं’ असं लिहिलंत की ईएनटी (कान-नाक-घसा) आणि ऑप्थॅल्मॉलॉजी (डोळे) आपोआप यादीत येतात. ‘ऑर्थो, कारण मित्र घेतोय’ असं लिहिलं गेलं, तर यादी पुन्हा करा.