डिलीट केलेला फोटो परत का येतो आणि हवा असलेला जातो कुठे

फोनमधल्या एका फोटोच्या मागे सहसा तीन गोष्टी असतात: मेमरीतली मूळ फाइल, बॅकअप चालू असेल तर क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, चढलेली प्रत आणि गॅलरी पटकन उघडावी म्हणून फोनने बनवून ठेवलेलं छोटं चित्र, म्हणजे थंबनेल. तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवला असेल तर ‘सेंट’ फोल्डरमध्ये चौथी प्रतही असते. डिलीट दाबल्यावर यातलं नेमकं काय गेलं हे माहीत नसतं, आणि सगळे घोटाळे तिथून सुरू होतात.

म्हणून काहीही पुसायच्या किंवा दुरुस्त करायच्या आधी दोन मिनिटं काढा. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये आपल्या खात्याने गूगल फोटोज उघडा. आयफोन असेल तर आयक्लाउड उघडा. तिथे जे दिसतं ते क्लाउडवर आहे. तिथे जे दिसत नाही ते फक्त फोनमध्ये आहे, मग फोनवरचं अ‍ॅप काहीही म्हणो. फोनवर क्लाउडची आणि मेमरीची प्रत एकाच रांगेत दिसते, त्यामुळे फोनकडे बघून हा निर्णय होत नाही.

डिलीट कुठून केलं, त्यावर सगळं

अँड्रॉइडवर सॅमसंग, शाओमी, विवो अशा कंपन्यांची स्वतःची गॅलरी असते आणि शेजारी गूगल फोटोज असतं. कंपनीच्या गॅलरीतून फोटो पुसला तर फोनमधली फाइल जाते, गूगलवरची प्रत राहते. मग गूगल फोटोज उघडलं की तोच फोटो हसत समोर. फोटो परत आलेला नसतो, तो गेलेलाच नसतो.

उलट गूगल फोटोजमधून पुसलं आणि बॅकअप चालू असेल, तर क्लाउडची आणि फोनची अशा दोन्ही प्रती जातात, शिवाय त्याच खात्यावरच्या दुसऱ्या फोनवरूनही. विचारणाऱ्या खिडकीत हे लिहिलेलं असतं, पण ती खिडकी कुणी वाचत नाही. जागा करायची आणि क्लाउडवरचं ठेवायचं असेल तर याच अ‍ॅपमध्ये दोन रस्ते आहेत. एकेका फोटोसाठी फोटो उघडून तीन टिंबांतलं ‘डिलीट फ्रॉम डिव्हाइस’, आणि घाऊक कामासाठी खात्याच्या गोल चित्रावर टॅप करून ‘फ्री अप स्पेस’. हा दुसरा पर्याय बॅकअप झालेल्याच फाइली फोनमधून काढतो. दाबण्याआधी मात्र ब्राउझरची ती दोन मिनिटांची तपासणी करा, विशेषतः बॅकअप ‘ओरिजिनल’ दर्जाचा आहे की ‘स्टोरेज सेव्हर’चा, ते बघा. स्टोरेज सेव्हरमध्ये १६ मेगापिक्सलपेक्षा मोठा फोटो लहान होतो आणि व्हिडिओ १०८०पी वर येतो. फोनमधली मूळ फाइल काढली की तुमच्याकडे ही लहान केलेलीच उरते. मुंजीचा अल्बम छापायचा असेल तर हा फरक कळतो.

घरात आई, बाबा आणि एक जुना टॅब असं सगळं एकाच जीमेल खात्यावर चालतं, हे नेहमीचंच चित्र. मुलाने एका फोनवर जागा करायला दोनशे फोटो पुसले आणि आईच्या फोनवर नातवाचे फोटो गायब, असं याच कारणाने होतं. सिंक म्हणजे सगळीकडे सारखं ठेवणं, पुसणंही त्यातच आलं. बॅकअप वेगळा हवा असेल तर प्रत्येकाचं खातं वेगळं करा, आणि वर्षातून दोनदा तरी हार्ड डिस्कवर प्रत काढा.

याला एक अपवाद आहे: अँड्रॉइड ११ पासून अ‍ॅपला फोनमधली फाइल पुसायला तुमची परवानगी लागते. वेबवर किंवा दुसऱ्या फोनवर पुसलेलं त्यामुळे या फोनमध्ये तसंच राहू शकतं. गूगल फोटोजमध्ये ‘आउट ऑफ सिंक चेंजेस’ अशी सूचना दिसली तर ती हीच गोष्ट आहे. घाईत ‘डिलीट’ दाबू नका, उघडून काय काय आहे ते आधी पाहा.

पुसलं तरी फोनमध्येच परत येतं

इथे क्लाउडचा संबंध नसेल तर संशय मेमरी कार्डावर घ्या. चाचणी सोपी आहे. कार्डावरचे दोन-तीन फोटो पुसा, ट्रॅश रिकामा करा, फोन बंद करून चालू करा. फोटो जसेच्या तसे परत आले तर कार्ड मरायला टेकलंय. फ्लॅश मेमरीच्या पेशी झिजल्या की कार्डाचा कंट्रोलर, म्हणजे आतली नियंत्रण करणारी चिप, लिहिणं बंद करून फक्त वाचू देतो. फॉरमॅट ‘यशस्वी’ झालं असं फोन सांगतो आणि कार्डावर सगळं जागेवरच असतं. अशा कार्डावर दुरुस्तीचे प्रयोग करू नका. वाचता येतंय तोवर कार्ड रीडरने कॉम्प्युटरवर सगळं उतरवा आणि कार्ड कचऱ्यात टाका.

नकली कार्डाची गंमत वेगळी. वर २५६ जीबी छापलेलं असतं, आत खरी जागा ३२. तेवढी भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, पुढचे फोटो मात्र नावापुरते साठतात आणि उघडले की करडा चौकोन. नवं कार्ड पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानातून घ्या की ऑनलाइन, वापरायच्या आधी ते कॉम्प्युटरला लावून पूर्ण भरून वाचून तपासा. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्स-मॅकवर ‘एफ३’ हेच काम करतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, रात्री लावून ठेवा.

करडा चौकोन किंवा उद्गारचिन्ह दिसतंय, पण कार्डच नाहीये? मग बहुतेक वेळा फाइल गेलेली आणि थंबनेल मागे राहिलेलं असतं. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, मग गॅलरी, मग स्टोरेज, आणि तिथे ‘क्लिअर कॅश’. शेजारचं ‘क्लिअर डेटा’ नको. गूगल फोटोजच्या बाबतीत तर अजिबात नको, कारण लॉक्ड फोल्डरमध्ये बॅकअप न केलेलं काही असेल तर डेटा पुसल्यावर किंवा अ‍ॅप काढल्यावर ते कायमचं जातं. आधार-पॅनचे फोटो लोक त्यातच ठेवतात.

आयफोनवर कचऱ्याच्या डब्याचं चिन्हच दिसत नाही, असे काही फोटो असतात. ते कधीतरी कॉम्प्युटरवरून आयट्यून्स किंवा फाइंडरने सिंक केलेले असतात. ते फोनवर पुसता येत नाहीत. केबल लावून त्याच कॉम्प्युटरवर फोटो सिंकची खूण काढली की जातात.

बॅकअप अडकलाय

अडकण्याची कारणं या क्रमाने बघा, कारण बहुतेकदा पहिल्या तिनांतच काम होतं.

१. खातं. गूगल फोटोजच्या अ‍ॅपमध्ये वर उजवीकडे गोल चित्रावर टॅप करा. फोनमध्ये ऑफिसचं आणि घरचं अशी दोन खाती असली की फोटो नको त्या खात्यात चढत असतात आणि लोक ते दुसरीकडे शोधत बसतात.

२. जागा. गूगलची फुकट जागा १५ जीबी, आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटोज यांच्यात वाटलेली. १ जून २०२१ पासून स्टोरेज सेव्हरमधले फोटोही मोजले जातात. २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅप चॅटचा बॅकअपही त्यातच धरला जातो, आणि व्हिडिओसकट बॅकअप घेणाऱ्यांची बरीच जागा तोच खातो. भरलं की मेल यायचंही थांबतं. आयक्लाउडची फुकट जागा तर ५ जीबीच. फोर-के व्हिडिओ मिनिटाला साधारण ३५० ते ४०० एमबी धरा, म्हणजे चाळीसेक मिनिटांच्या व्हिडिओत १५ जीबी संपतात.

३. नेटवर्क. ‘वेटिंग फॉर वाय-फाय’ दिसत असेल तर अ‍ॅप मोबाइल डेटा वापरत नाहीये, तुम्ही तसं सांगितलंय म्हणूनच. बॅकअपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटाची मर्यादा बदलता येते. पण वाय-फायवरही वेळ लागतो: अपलोडचा वेग ५ एमबीपीएस असेल तर १० जीबी चढायला साडेचार तास. डाउनलोडचा वेग बघून अंदाज बांधू नका.

४. बॅटरी. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, फोटोज, बॅटरी, आणि तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’. शाओमीत याशिवाय ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा, विवो-ओप्पोत बॅकग्राउंडला चालू द्यायची परवानगी द्या. आयफोनवर ‘लो पॉवर मोड’ चालू असेल तर आयक्लाउड फोटोज थांबतं. शिवाय आयफोनवर गूगल फोटोजला मागे राहून फार वेळ काम करू दिलं जात नाही, त्यामुळे मोठा बॅकअप असेल तर अ‍ॅप उघडं ठेवून फोन चार्जरला लावा.

५. एकच आयटम अडकलाय. ‘१ रिमेनिंग’ तिथेच तासभर, तर तो बहुतेक बिघडलेला किंवा अवाढव्य व्हिडिओ असतो. गूगल फोटोज २०० एमबीपेक्षा मोठा फोटो आणि २० जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ घेत नाही. बॅकअप न झालेल्या फोटोवर ढगाचं चिन्ह असतं. तो शोधा, चालवून बघा, चालत नसेल तर दुसरीकडे हलवा. पुढची रांग लगेच सरकते.

व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो चढतच नाहीत अशी तक्रार असेल, तर सहसा त्यांचं फोल्डर निवडलेलंच नसतं. सुरुवातीला कॅमेऱ्याचंच फोल्डर चालू असतं. बाकीचं ‘बॅकअप डिव्हाइस फोल्डर्स’मध्ये हाताने सुरू करावं लागतं. सुरू करण्याआधी विचार करा, सुप्रभातची सगळी फुलंही सोबत चढतील.

पुण्यात गुरुवारी पाणी बंद म्हटलं की आपण आदल्या रात्रीच पिंप भरतो. बॅकअपचंही तसंच धरा. विसर्जनाला अलका चौकात लाखोंची गर्दी असताना नेटवर्क मान टाकतं, आणि ताम्हिणी घाटात तर बऱ्याच ठिकाणी ते नसतंच. घरून निघायच्या आधी ‘बॅकअप कम्प्लीट’ दिसतंय ना बघा आणि जागा मोकळी करून घ्या. परत आल्यावर फोन रात्रभर वाय-फायवर.

दिसत नाहीत, पण असतात

नव्या फोनवर सगळं आणल्यावर जुने फोटो ‘गेले’ असं वाटतं तेव्हा ते बहुधा आजच्या तारखेखाली पडलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅप पाठवताना फोटोतली तारीख-ठिकाणाची माहिती काढून टाकतं, मग कॉपी केली त्या दिवसाची तारीख त्याला चिकटते. नाव मात्र खोटं बोलत नाही. ‘आयएमजी-२०२४०९१७-डब्ल्यूए००३१’ म्हणजे १७ सप्टेंबर २०२४ ला, अनंत चतुर्दशीला, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला. गूगल फोटोजच्या वेबवर असे फोटो एकदम निवडून ‘एडिट डेट अँड टाइम’ने तारीख दुरुस्त करता येते. सगळे एकाच दिवसाचे असतील तर एकच तारीख द्या. कॅमेऱ्याचं घड्याळच चुकीचं होतं तर तेवढ्या तासांनी सरकवा.

दुसरी जागा ‘अर्काइव्ह’. चुकून तिथे गेलेला फोटो मुख्य रांगेत दिसत नाही. आणि एखाद्या फोल्डरमध्ये ‘.नोमीडिया’ नावाची रिकामी फाइल असली की गॅलरी ते अख्खं फोल्डरच टाळते. अशी फाइल ‘फाइल्स’ अ‍ॅपमध्ये लपवलेल्या फाइली दाखवा म्हटलं की सापडते. ती काढा, फोन बंद-चालू करा.

खरंच पुसलंय

गूगल फोटोजच्या बिनमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. आयफोनच्या ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस. कंपनीच्या गॅलरीचा ट्रॅश वेगळा असतो, तोही उघडून बघा. तिथेही नसेल तर ज्याला पाठवला त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये, तुमच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये, जुन्या फोनमध्ये शोधा. बरेच फोटो असेच मिळतात.

ट्रॅशही रिकामा झाला आणि फोटो फोनच्या आतल्या मेमरीत होता, तर रिकव्हरी अ‍ॅपवर पैसे घालवू नका. आजच्या फोनमध्ये फाइली एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या रूपात, असतात आणि पुसलेली जागा फोन स्वतःच साफ करतो. ही अ‍ॅप जे ‘परत आणतात’ ती बहुतेक थंबनेलं असतात, मोठी केली की धूसर. मेमरी कार्डावरचा फोटो असेल तर मात्र आशा आहे. कार्ड ताबडतोब काढा, त्यावर एकही नवा फोटो घेऊ नका, कार्ड रीडरने कॉम्प्युटरला लावा आणि ‘फोटोरेक’ हा मोफत प्रोग्राम चालवा. मिळालेल्या फाइली त्याच कार्डावर साठवू नका, कॉम्प्युटरवर घ्या. नावं गेलेली असतील, फोटो असतील. दुकानात द्यायचंच झालं तर नुसतं कार्ड द्या, फोन आणि त्याचा पिन नको, आणि डेटा नाही मिळाला तर किती घेणार हे आधी कागदावर लिहून घ्या.