प्रोस्टेट कॅन्सरनंतर पोटाचा घेर आणि पीएसए एकत्र कसे बघायचे

पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात उतरणारं एक प्रथिन. त्याच्या तपासणीचे रिपोर्ट घरोघरी जपून ठेवतात, पण त्याच फाइलमध्ये पोटाच्या घेराची नोंद क्वचितच सापडते. ती हवी. लठ्ठ पुरुषांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर जास्त आक्रमक निघण्याचं, उपचारांनंतर उलटण्याचं आणि त्यानं जीव जाण्याचं प्रमाण जास्त आढळतं.

घेर मोजायला शिंप्याकडचा टेप पुरतो. सकाळी अनशापोटी, शर्ट वर करून उभं राहा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप आडवा धरा आणि सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढू नका, टेप कुणाला फसवायला आणलेला नाही. पँटच्या मापावर तर मुळीच विसंबू नका: ढेरी सुटली की पँट तिच्याखाली सरकते आणि माप 34च राहतं. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा 90 सेंमी. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, 25च्या पुढे गेला की आपल्याकडे लठ्ठपणा धरतात. उंची 165 सेंमी आणि वजन 78 किलो असेल तर तो 28.7 येतो.

आता पीएसए. वजनदार माणसाच्या शरीरात रक्तद्रव जास्त असतो, त्यात पीएसए विरळ होतो आणि रिपोर्टात कमी दिसतो. निदानाआधी हा ‘नॉर्मल’ आकडा महागात पडू शकतो, म्हणून डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटानं करायची प्रोस्टेटची तपासणी संकोचापोटी टाळू नये. शस्त्रक्रियेनंतर पहिला पीएसए साधारण 6 ते 8 आठवड्यांनी करतात. पुढे तो 0.2 ng/ml किंवा जास्त आला आणि फेरतपासणीतही तसाच राहिला, तर आजार उलटल्याचं मानतात. रेडिएशननंतरचा नियम वेगळा: गाठलेल्या नीचांकापेक्षा 2 ng/mlनं वाढ. लॅब शक्यतो बदलू नका.

सगळ्यात जास्त गफलत हार्मोनच्या इंजेक्शनांनंतर होते. ही इंजेक्शनं टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी हार्मोन कमी करतात. तो उतरला की स्नायू झडतात, चरबी वाढते. एकाची घट दुसऱ्यानं भरून निघते, त्यामुळे वजनकाटा फारसा हलत नाही. टेप मात्र सांगतो. म्हणून व्यायाम पहिल्या इंजेक्शनपासूनच हवा. आठवड्याला 150 मिनिटं भराभर चालणं, शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम: हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, 10 वेळा, दोन-तीन फेऱ्या. नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत. आजार हाडांत गेला असेल तर वजन उचलण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

जेवणात दोन्ही वेळा उसळ, घट्ट वरण, अंडी किंवा मासे ठेवा. भात, साखरेचा चहा आणि फरसाण कमी करा. उपासतापास करून झटपट वजन उतरवू नका, त्यात स्नायूच आधी जातात. वजन घटवल्यानं आजार उलटणं थांबतं असं अजून सिद्ध झालेलं नाही. साखर आणि हृदयाला मात्र नक्की फायदा होतो.

काहीही न करता वजन उतरू लागलं, तर लोकांच्या ‘बारीक झालात’वर खूश होत बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.