कॅम्पर व्हॅनची बॅटरी उतरू नये म्हणून

दिवेआगरला आम्ही सावली बघून आमची कॅम्पर, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी, सुरूच्या बनात लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज बंद, आतल्या सुरमईला वास सुटलेला आणि दिवे मिणमिणते. छतावर चांगलं ३३० वॅटचं सोलर पॅनल होतं. पण आम्हाला हवी असलेली सावली पॅनलला नको होती, एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की समजली. बॅटरी किती मोठी आहे याच्या चौकशा सगळे करतात. रोज काढलेली वीज रोज परत भरली जाते का, हे कुणी बघत नाही.

आधी वहीत हिशेब मांडा

कॅम्परमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करायला, दुसरी घराची: दिवे, पंखा, फ्रिज, पंप. दुसरीवर रोज किती भार पडतो ते लिहून काढा. आमचा असा निघाला:

- १२ व्होल्टवर चालणारा ४५ वॅटचा कॉम्प्रेसर फ्रिज, दिवसाच्या साधारण ४० टक्के वेळ चालू: ३६ अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-अवर)
- छताचा २० वॅटचा पंखा, आठ तास: १३
- लॅपटॉप आणि मोबाइल: १२
- एलईडी दिवे: ४
- पाण्याचा पंप: १

म्हणजे दिवसाला ६६, वॅटच्या भाषेत, १२ व्होल्टने गुणून, सुमारे ८०० वॅट-अवर. यात इन्व्हर्टर धरलेला नाही. त्याला काही न जोडता नुसता चालू ठेवला, तरी मधल्या आकाराचा इन्व्हर्टर सहज १५ वॅट खातो. चोवीस तासांत ३० अँपिअर-अवर, जवळजवळ फ्रिजएवढे! चार्जर काढला की इन्व्हर्टर बंद, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा. आणि इंडक्शन शेगडीचा नाद सोडा. १५०० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपिअरच्या वर ओढते. चहाला गॅस बरा.

बॅटरीचा स्वभाव ओळखा

घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी गाडीत बसवायचा मोह होतो, कारण ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. ती शिसं आणि अ‍ॅसिडवाली, म्हणजे लेड-अ‍ॅसिड जातीची. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली नेली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे वापरायला मिळतात ७५. शिवाय वजन पन्नास किलोच्या पुढे, घाटात आतलं अ‍ॅसिड हिंदकळतं आणि चार्ज होताना पेट घेणारा हायड्रोजन बाहेर पडतो. झोपायच्या जागेखाली ती उघडी ठेवू नका. हवाबंद खोक्यात ठेवून त्याची नळी गाडीबाहेर काढा.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग, पण १०० मधले ८० ते ९० बिनधास्त वापरता येतात. तिचं पथ्य एकच: शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नाही. लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी बॅटरी गाडीच्या आत, उबेत ठेवावी आणि थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारी घ्यावी.

गाडी चालते तेव्हा

इंजिनचा अल्टरनेटर, गॅरेजवाल्यांच्या भाषेत डायनॅमो, घरच्या बॅटरीलाही भरू शकतो. पूर्वी मध्ये एक रिले, म्हणजे इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच, टाकला की भागायचं. आता बऱ्याच नव्या गाड्यांचा अल्टरनेटर इंजिनची बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतो, आणि घरची बॅटरी अर्धपोटी राहते. म्हणून डीसी-टू-डीसी चार्जर बसवा, तो कमी व्होल्टेज वाढवून घरची बॅटरी पूर्ण भरतो. ३० अँपिअरचा असेल तर दोन तासांच्या प्रवासात ६० अँपिअर-अवर, म्हणजे जवळजवळ दिवसाचा खर्च भरून निघतो. गाडी थांबली की तो आपोआप तुटतो, त्यामुळे सकाळी सेल्फ मारायची पंचाईत होत नाही.

वायरमन इथे हमखास पैसे वाचवतो. चार्जर पुढे बॉनेटजवळ आणि बॅटरी पाच मीटर मागे असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटर तांब्याची वायर होते. ती ६ चौरस मिलिमीटरची असेल तर ३० अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच गळतात. चार्जरमधून १४.४ निघतात, बॅटरीला पोचतात १३.५. मग ती महिनोन्‌महिने पूर्ण भरत नाही आणि आपण कंपनीला शिव्या देतो. चार्जर बॅटरीजवळ बसवा, वायर १६ चौरस मिलिमीटरची घ्या आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्हला लागून फ्यूज टाका.

उभ्या गाडीचं इंजिन तासन्‌तास चालू ठेवून चार्ज करायला जाऊ नका. डिझेल जळतं, शेजारच्या तंबूतले वैतागतात आणि पदरात थोडकंच पडतं.

ऊन्हाचं काम वेगळं

लेड-अ‍ॅसिड बॅटरी पहिले ८० टक्के पटकन घेते, शेवटचे २० मात्र चार-पाच तास रेंगाळत. तेवढी गाडी कोण चालवणार? हे रेंगाळणारं काम सोलरचं. ३०० वॅटचं पॅनल महाराष्ट्रातल्या स्वच्छ उन्हात, छतावर आडवं असूनही, दिवसाला ९०० वॅट-अवरच्या आसपास देतं. आमच्या ८०० ला ते जेमतेम पुरतं.

घरांवर लावतात ती मोठी पॅनलं ४० व्होल्टच्या घरात असतात. त्यांना एमपीपीटी कंट्रोलरच लागतो, तो जादा व्होल्टेज वाया न घालवता बॅटरीजोगा करून देतो. हे न जमणारा स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावला तर निम्म्याहून जास्त वीज वाया. पॅनल आणि छत यांत चार बोटं हवा खेळू द्या, कारण ते तापलं की कमी वीज देतं. एका फांदीची सावलीसुद्धा पॅनलचा मोठा भाग निकामी करते. गाडी उन्हात आणि खुर्च्या झाडाखाली, असा तह आम्ही आता केला आहे.

पावसाळ्यात कोकणात सोलरवर विसंबू नका. होमस्टेवाल्या मावशींकडे रात्रभर प्लग मागा. २० अँपिअरचा चार्जर ३५० वॅटच्या आतबाहेर ओढतो, साध्या पॉइंटवर चालतो. रात्रीत फार तर दोन-अडीच युनिटं जातील. त्यांचे पैसे आपणहून द्या. अर्थिंग आधी सॉकेट टेस्टरने तपासा आणि एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण उलगडा, नाहीतर तापते.

भरली की नाही?

लेड-अ‍ॅसिडला दोन-तीन तास विश्रांती देऊन मल्टिमीटर लावा. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की आधी फ्रिज बंद. लिथियमचा व्होल्टेज फसवतो, बराच काळ १३.२ च्या आसपासच दिसतो. तिच्यासाठी निगेटिव्हवर शंट (प्रवाह मोजायची धातूची पट्टी) असलेला मीटर बसवा, तो आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजतो.

चार महिने गाडी उभी राहणार असेल तर लेड-अ‍ॅसिड पूर्ण भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जर लावा. लिथियम मात्र निम्मी भरलेली बरी. दोन्हींचा मेन स्विच काढा. गॅस अलार्म आणि म्युझिक सिस्टिम गुपचूप वीज पितात. गणपतीला गावी निघायच्या आठवडाभर आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, लग (वायरच्या टोकाची कडी) घट्ट करा, वर व्हॅसलीन लावा आणि लेड-अ‍ॅसिडमध्ये डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. नळाचं पाणी चुकूनही नको.