ट्रायलला पेशंट मिळत नाहीत? भरती करताना या चुका टाळा

रुग्णालयात क्लिनिकल ट्रायल (नव्या औषधाची माणसांवरची चाचणी) सुरू झाली की दोन-तीन महिन्यांत एक तक्रार हमखास कानावर येते: ‘पेशंट तयारच होत नाहीत.’ स्क्रीनिंग लॉग (ट्रायलसाठी तपासलेल्या पेशंटची नोंदवही) आणि केसपेपर शेजारी ठेवून पाहिलं, तर स्पष्ट नकार देणारे फारसे सापडत नाहीत. मुळात मोजणी चुकलेली असते, आणि जे आले ते घाईत घेतलेल्या संमतीमुळे दुसऱ्या व्हिजिटनंतर गळालेले असतात. पुढची उदाहरणं टाइप २ मधुमेहाच्या औषधाच्या ट्रायलची आहेत, पण दमा, रक्तदाब, संधिवात यांच्या ट्रायलमध्येही हेच घडतं.

एकच पेशंट पुन्हा पुन्हा मोजणं

स्पॉन्सर, म्हणजे ट्रायल करवून घेणारी कंपनी, विचारतो, ‘तुमच्याकडे पेशंट किती?’ ओपीडीत आठवड्याला मधुमेहाचे १५० पेशंट येतात, म्हणजे वर्षाला साडेसात हजारांहून जास्त, असा हिशोब करून ४० जणांचं आश्वासन दिलं जातं. पण मधुमेहाचा पेशंट दर महिन्याला गोळ्या न्यायला येतो. आठवड्याला १५० म्हणजे प्रत्यक्षात तीच सहाशे माणसं वर्षभर फिरत असतात. म्हणून पहिल्या महिन्यात भरती जोरात होते आणि तिसऱ्या महिन्यात विहीर आटते.

हिशोब असा करा. मागच्या तीन महिन्यांच्या रजिस्टरमधून नोंदणी क्रमांकानुसार एकेक माणूस एकदाच मोजा. मग प्रोटोकॉलची (ट्रायलच्या लेखी आराखड्याची) एकेक अट लावत चाळत जा. समजा ६०० जण आहेत. बारा आठवडे मेटफॉर्मिनचा (मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीचा) डोस न बदललेले २२०. त्यातले एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७.५ ते १० मध्ये असलेले ९०. वय, किडनी, इन्सुलिन, गरोदरपणाची शक्यता या अटींनंतर ६०. सगळ्या व्हिजिटना येऊ शकतील असे ३५. त्यातले निम्मे हो म्हणाले आणि त्यांच्यातला एक तृतीयांश स्क्रीन फेल झाला, म्हणजे तपासण्यांत अटीबाहेर निघाला, तर हातात उरतात ११-१२. हा आकडा स्पॉन्सरला सांगायला जड जातो, पण सांगायचा तोच. भरती सगळ्या केंद्रांत स्पर्धेने चालू असेल तर फुगवलेला आकडा शेवटच्या महिन्यात अंगावर येतो, आणि अटींत न बसणारे पेशंट बसवले जातात ते याच महिन्यात.

‘डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं’ हे उत्तर संमती म्हणून धरणं

सर्वात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे वेळ द्या. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच विचारलं की आपल्याकडचा पेशंट सहसा नाही म्हणत नाही. त्याला वाटतं, नाही म्हटलं तर नेहमीचे उपचार बंद होतील. डॉक्टरांनी ट्रायलची फक्त ओळख करून द्यावी. सविस्तर समजावण्याचं काम डेलिगेशन लॉगवर (कोणी कोणतं काम करायचं याच्या यादीवर) नाव असलेल्या टीममधल्या दुसऱ्या डॉक्टरांनी करावं, तेही ओपीडीच्या टेबलावर नाही, तर वेगळ्या खोलीत, दार लावून. माहितीपत्रक घरी नेऊ द्या. मुलाशी, सुनेशी बोलून दोन दिवसांनी आलेला पेशंट शेवटच्या व्हिजिटपर्यंत टिकतो.

समजलं का, असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’ हेच येतं. असं विचारा:

‘मावशी, घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल, इथे काय करणार आहेत?’
‘नवीन गोळी देणार. साखर उतरणार.’
‘नवीन गोळीच मिळेल असं नाही. अर्ध्या लोकांना औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी मिळेल. तुम्हाला कुठली, ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही. नेहमीची गोळी चालूच राहील. चालेल?’

इथे मावशी थांबून विचार करतात. तो विचार होऊ द्यायचा. प्लासिबो (औषध नसलेली गोळी), चिठ्ठी काढल्यासारखी होणारी विभागणी, कधीही बाहेर पडण्याची मोकळीक आणि इजा झाल्यास मोफत उपचार, या चार गोष्टी पेशंटने स्वतःच्या शब्दांत सांगितल्याशिवाय पेन हातात देऊ नये.

आता कागदावरच्या चुका. संमतीआधी ट्रायलची कोणतीही गोष्ट करायची नाही. रक्त तर नाहीच, पण ‘उद्या उपाशी या’ किंवा ‘ही गोळी आठवडाभर बंद ठेवा’ असं ट्रायलसाठी सांगणंही त्यातच येतं. नेहमीच्या तपासणीसाठी पेशंट आधीच उपाशी आला असेल, तर केसपेपरवर तसं लिहा. तारीख पेशंटने स्वतःच्या हाताने घालायची, कोऑर्डिनेटरने (ट्रायलचं रोजचं काम सांभाळणाऱ्याने) नाही. नॉमिनीचं नाव, पत्ता आणि नातं हा रकाना रिकामा राहतो. मृत्यू झाल्यास नुकसानभरपाईच्या वेळी तोच लागतो. सही झालेल्या फॉर्मची आणि माहितीपत्रकाची प्रत पेशंटला द्या आणि दिल्याची नोंद करा. कपाटात जुनी आवृत्ती पडून राहते आणि घाईत तीच वापरली जाते. एथिक्स कमिटीने (पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीने) नवी आवृत्ती मंजूर केली त्याच दिवशी जुन्या कोऱ्या प्रती काढून टाका, आणि चालू पेशंटपैकी कोणाची पुन्हा संमती घ्यायची याची यादी लावा.

लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या जागी नवऱ्याची सही घेणं ही सर्रास होणारी आणि गंभीर चूक आहे. निरक्षर असणं म्हणजे निर्णय घेण्यास असमर्थ असणं नव्हे. निर्णय तिचा, अंगठा तिचा. निःपक्ष साक्षीदार मात्र हवा, आणि तो पहिल्या वाक्यापासून खोलीत हवा. शेवटी सहीपुरता बोलावलेला चालत नाही. ट्रायलची नर्स किंवा कोऑर्डिनेटर साक्षीदार होऊ शकत नाहीत.

न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, २०१९ नुसार नव्या रासायनिक रेणूच्या (पूर्णपणे नव्या औषधाच्या) ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या (ज्यांच्यावर सहज दबाव येऊ शकतो अशा) पेशंटच्या संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाज रेकॉर्ड करायचा असतो. रेकॉर्डिंग बाद ठरण्याची कारणं साधी असतात: पंख्याचा आवाज, चौकटीबाहेर गेलेला पेशंटचा चेहरा, मध्येच भरलेलं मेमरी कार्ड, पेशंटचे प्रश्न कापले जाणं. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका. रेकॉर्डिंगला पेशंटची परवानगी आहे हेही त्यातच ऐकू यायला हवं.

नमुना बिघडतो, पेशंट बाद होतो

पोटॅशियम जास्त आलं म्हणून पेशंट बाद करण्याआधी नमुना फुटला होता का, ते लॅबला विचारा. बारीक सुईतून सिरिंज जोराने ओढली, किंवा ट्यूब खळाखळा हलवली की लाल पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं वाढतं. साध्या ट्यूबमधलं रक्त वेगळं न करता टेबलावर पडून राहिलं, तर साखर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. एप्रिल-मेच्या उन्हात दूरच्या गावाहून एसटीने, पाणी न पिता आलेल्या पेशंटचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) चढलेलं दिसू शकतं. उपाशी म्हणजे पाणीसुद्धा नाही, असा समज सर्रास असतो. पाणी चालतं हे स्पष्ट सांगा.

एचबीए१सीचा आकडाही डोळे मिटून घेऊ नये. लोहाची कमतरता असेल तर तो खोटा वाढू शकतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) बरंच आढळतं. त्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा कमी दिसतो, आणि वाहक असलेल्यांतही काही पद्धतींचं मोजमाप चुकतं. लॅब कोणती पद्धत वापरते, हे पहिला पेशंट घेण्याआधी विचारून ठेवा.

नमुने सेंट्रल लॅबला (सगळ्या केंद्रांच्या सामाईक प्रयोगशाळेला) जात असतील तर शक्यतो सोमवार ते गुरुवार स्क्रीनिंग करा. शनिवारी काढलेला नमुना रविवारभर कुरिअरच्या गोदामात अडकतो.

पेशंटचं वर्ष न विचारणं

व्हिजिटची विंडो (ठरल्या तारखेच्या मागे-पुढे चालणारी मुदत) ± ३ दिवसांची आणि पेशंट बीडचा ऊसतोड कामगार. दिवाळीच्या सुमारास तो कारखान्यावर जाईल आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतणार नाही. सोयाबीनची काढणी, आषाढीची वारी, मुलीचं बाळंतपण, रमजानचे रोजे, नवरात्राचे उपवास हे सगळं आधीच कळण्यासारखं असतं. संमतीच्या वेळी सगळ्या व्हिजिटच्या तारखा कॅलेंडरवर लिहून पेशंटसमोर ठेवा. तीन व्हिजिट हुकणार हे दिसत असेल तर घेऊ नका. उपवास असेल तर साखर एकदम उतरण्याचा धोका आहे, त्याबद्दल डॉक्टरांनी आधीच बोलायला हवं.

प्रवासखर्च त्याच दिवशी द्या. तो शेवटच्या व्हिजिटपर्यंत अडवून ठेवणं म्हणजे पेशंटला बांधून ठेवणं झालं. जो मध्येच सोडेल त्यालाही झालेल्या व्हिजिटचे पैसे मिळायला हवेत.

पोस्टर, व्हॉट्सॲप मेसेज, स्थानिक केबलवरची पट्टी यांना आधी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि त्यात ‘मोफत उपचार’ ठळक अक्षरांत टाकून ‘संशोधन’ बारीक लिहू नये. पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांना माणशी पैसे देणं तर पूर्णपणे चूक. कमिशन घेणं आणि देणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनेच निषिद्ध आहे. सीटीआरआयवरची (क्लिनिकल ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीतली) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी झालेली हवी.

रिपोर्ट येण्याआधी रँडमायझेशन

पेशंट समोर बसलाय, रिपोर्ट संध्याकाळी येणार, ‘नॉर्मलच असेल’ म्हणून सिस्टीममध्ये रँडमायझेशनचं, म्हणजे कोणाला औषध आणि कोणाला प्लासिबो हे चिठ्ठीसारखं ठरवण्याचं, बटण दाबलं जातं. रात्री किडनीचा आकडा अटीबाहेर निघतो. अशा वेळी ते खोडून, नवा नंबर घेऊन झाकण्याचा प्रयत्न करू नका. एकदा रँडमाइझ झालेला पेशंट विश्लेषणात मोजला जातोच. त्याच्या सुरक्षिततेचा निर्णय आधी घ्या, औषध द्यायचं की थांबवायचं हे स्पॉन्सरच्या मेडिकल मॉनिटरशी (ट्रायलवर लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टरांशी) बोला, डेव्हिएशन (नियम मोडल्याची नोंद) लिहा आणि एथिक्स कमिटीला कळवा. ही चूक टाळायला एक कागद पुरतो: प्रत्येक अट, तिच्यापुढे रिपोर्टची तारीख आणि आकडा, खाली कोऑर्डिनेटरची आणि डॉक्टरांची सही. एक जरी रकाना रिकामा असेल तर कॉम्प्युटर उघडायचा नाही.

पेशंट दुसरीकडे ॲडमिट झाल्याचं उशिरा कळणं

पेशंटच्या बाबतीत गंभीर घटना (उदाहरणार्थ रुग्णालयात ॲडमिट व्हावं लागणं) घडल्यावर संशोधक डॉक्टरांनी २४ तासांत केंद्रीय परवाना प्राधिकरण (देशाची औषध नियंत्रक संस्था), स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटीला कळवायचं असतं, आणि १४ दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो. पेशंट मात्र रात्री चक्कर येऊन तालुक्याच्या दवाखान्यात भरती होतो आणि टीमला ते पुढच्या व्हिजिटला कळतं. पहिल्याच दिवशी पाकिटात मावेल असं कार्ड द्या: ट्रायलचं नाव, औषधाचा कोड, चोवीस तास उचलला जाणारा फोन नंबर, आणि मराठीत एक ओळ, ‘कुठेही भरती झालात तर हे कार्ड डॉक्टरांना दाखवा आणि आम्हाला फोन करा.’ घरातल्या आणखी एका माणसाच्या मोबाइलमध्ये तो नंबर तिथेच सेव्ह करून द्या, आणि रात्री एकदा स्वतः फोन लावून तो उचलला जातो का ते पाहा.